पायाळू

आई, तुझी नात आताच जेवून कुशीवर निजली आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली आहे, आणि नववा सरत आला तरी पोटातल्या बाळाचं डोकं वरच आहे, पाय खाली. उद्या सकाळी वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आहे. माझ्या हातून एक काम धड होत नाही. सकाळी भाजीत दोनदा मीठ पडलं. म्हणून पंख्याखाली बसून तुला लिहिते आहे.

सोनोग्राफी झाली त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंसमोर चक्क हसले. म्हटलं, काळजी कशाची, मीसुद्धा पायाळूच आहे. आपल्या उभ्या रोहणा गावात माझ्या पायाला मान होता. कोणाच्या कमरेत उसण भरली की तो आपल्या ओट्यावर पालथा पडायचा, मी पायाने हलकेच दाबायचे आणि मोठी वैदूच असल्यासारखी तोऱ्यात घरात यायचे. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पायाने येणाऱ्या बाळाचं डोकं शेवटी येतं, ते अडलं तर हाती वेळ फार थोडा उरतो, कधी नाळच आधी घसरून दबते, असं त्यांनी समजावलं. पोटातलं पाणी कमी, त्यामुळे वरून हाताने बाळ फिरवून पाहणंही त्यांना नको वाटलं. मग सहज विचारलं, तुमच्या वेळी आईला किती त्रास झाला होता? आई, मला सांगता आलं नाही. पन्नाशी उलटली, पण तू होतीस तोवर हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तेव्हापासून मला चुलीपाशी बसलेली तू दिसतेस. मी आठ-नऊ वर्षांची आहे, शेजारच्या काकांची कमर दाबून आले आहे, आणि तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते आहे की मी काही साधीसुधी नाही, मी पायाने आले. तुझा भाकरीवरचा हात थांबतो. "पाय तुहे होते, बाई," तू म्हणतेस, "पण जीव माहा चालला होता." आणि पुन्हा थापू लागतेस. मला राग आला होता. माझं कौतुक तुला सोसवत नाही, असं वाटलं होतं. तू भरली घागर कधी उचलायची नाहीस, माझ्यानंतर घरात पाळणा हलला नाही, हे सगळं समोर असून मी ते माझ्या पायांशी कधी जोडलं नाही.

परवा पवनारहून विहीणबाई आल्या. त्यांच्या ओळखीची एक म्हातारी पोट चोळून बाळ फिरवते म्हणाल्या. विहीणबाई मनाने चांगल्या आहेत, पण मी एवढ्या जोरात नको म्हटलं की त्या लगेच निघाल्याच. त्या गेल्यावर पोरीने विचारलं, "आई, तुले भेव लागून राह्यलं का?"

"नाई. काऊन लागन?" मी म्हटलं.

खोटं बोलले. सकाळी दिवा लावून दोघं सुखरूप राहोत म्हणायला गेले, तर तोंडून फक्त पोरीचं नाव निघालं. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तिचंच. आजी होणाऱ्या बाईने असं मागू नये. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवलं. मी पायाने येत होते तेव्हा कोणी दिव्यापुढे असं फक्त तुझंच नाव घेतलं होतं का, मला ठाऊक नाही. घेतलं असेल, तर मला त्याचा राग नाही, आई.