साहेबासाठी घातलेला सडा

दि. २२ एप्रिल १९८५

चि. साहेबराव यास आजी कोंडाबाईचा जयभीम, अन् वरून एक चापट.

पत्ता विसरलास का रे बाबा? केरबा मास्तरांनी पाकिटावर ठळक लिहिलाय, बघून घे. गाव तेच, मुरुडपासून तीन कोस. जिल्हा तेवढा नवा, लातूर. तो तर तुला पाठ असंल, त्याच्याच कचेरीत पंख्याखाली बसून राहिलास. जयंतीला आला न्हाईस. मिरवणुकीत तुझी आई सारखी मागं वळून बघू लागली. मी म्हणलं, पुढं बघ, पडशील.

इकडं सगळे बरे हावत. तुझी आई सरजा बी बरी हाय.

पाऊस न्हाई, दोन सालं झाली. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, घराला दोन घागरी. दारातल्या कडुलिंबाला पालवी फुटली, दोन दिवस हिरवी दिसली, मग पांढरी. तुमच्या नव्या जिल्ह्याला रस्ते पाहिजेत, कचेऱ्या पाहिजेत, म्हणून खडी फोडायचं मशीन आमच्या वस्तीच्या तोंडाला. पलीकडं एवढा माळ रिकामा पडलाय, पण मशीन बसवणाऱ्याला आमचीच वस्ती दिसली. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की समोरचं घर दिसत न्हाई. भाकरी थापावी तर पीठ कुठलं अन् दगड कुठला, दाताखाली आल्यावर कळतं.

म्हणून मास्तरांनी अर्ज लिहिला, आम्ही अंगठे दिले. मागल्या महिन्यात तुझं कार्ड आलं, "साहेब पाहणीला येणार, मी बी सोबत हाय, घरदार नीट ठेवा, माझी इज्जत राहू द्या."

राखली बाबा तुझी इज्जत. आता ऐक, तुझी आई बाहेर गेली म्हणून मोकळं बोलते. बाराही घरांत मीच फिरले. म्हणलं, आपल्या दारात साहेब कधी बसलाय? नातू घेऊन येतोय, धुळीत बसवता का त्याला? बायांनी प्यायच्या घागरी ओतल्या. शेणाचा सडा घातला, भिंती पुसल्या, लिंबाच्या खालच्या फांद्या सुद्धा धुतल्या. त्या दिवशी मशीन बंद. मालकाला आधीच कुणी सांगितलं, ते मी विचारत न्हाई. साहेब बाजेवर बसला, आपल्या कपात चहा प्याला, म्हणला, "लई स्वच्छ वस्ती आहे." मी येडी, हसले. तू बी हसलास.

आमच्या पोरांनी दोन दिवस तहान काढली ती तुझ्या साहेबाला धूळ दिसू नये म्हणून.

परवा कागद आला. मास्तरांनी वाचला. "धुळीचा उपद्रव आढळून आला नाही." वाचून मास्तर चष्मा पुसू लागले. मी म्हणलं, पुढं वाचा की. म्हणले, "आत्या, खाली सही साहेबाची हाय. पण अक्षर मी शिकवलेलं हाय."

मास्तर आता पेन थांबवून म्हणतेत, एवढं कडक लिहू नये, पोरगं नोकरीत हाय. मी म्हणलं, लिहा. नोकरी त्याची, छाती आमची. लिहून देतेत, पण मधीमधी खोकलतेत, शाई सांडली तर त्याचा डाग समज.

तुझ्या आईला वाटतं, कुण्या परक्या कारकुनानं लिहिलं. "कुणाचा असंल गं मेला?" म्हणून विचारत होती. मी म्हणलं, असंल कुणाचा तरी. जल्मात तिच्याशी एवढं खोटं बोलले न्हाई. ती रोज उठून तुझा फोटो पुसते, मग खोकत बसते, अन् मग पुन्हा पुसते. बरी हाय म्हणून वर लिहवलं ते तिला ऐकू जाईल म्हणून. आता खरं ऐक. मुरुडच्या डाक्टरनं सांगितलंय, ह्या धुळीत अजून एक उन्हाळा काढला तर छाती राहायची न्हाई. तिला कुठं नेऊ? तुझ्या खोलीवर? तिथं तर तू आम्हाला अजून बोलावलं न्हाईस.

मास्तरांनी दुसरा अर्ज केलाय, ह्याच टपालात हाय. ह्या बारीला कार्ड टाकू नको. मशीन चालू असताना, भर दुपारी साहेबाला घेऊन ये. सडा पडणार न्हाई. बाजेवर जी धूळ असंल तिच्यावरच बसवीन दोघांना. अन् तुझ्या हातात पेन असंल, तवा जे डोळ्यात जाईल तेच लिही. न्हाई लिहिलंस, तर आईला अक्षर कुणाचं ते मी सांगीन.

खाली अंगठा केलाय. शाई लागली न्हाई. बोट ओलं केलं अन् उंबऱ्यावर टेकवलं, तेवढ्यानं उठला.

तुझी आजी, अजून तरी,
कोंडाबाई

एस.टी.च्या कंडक्टरपाशी गूळ पाठव, जुना, काळा. आईच्या घशाला. कागदात बांधू नको, झाकणाच्या डब्यात पाठव.