छत्तीस एकरांचा कॉलम

१ डिसेंबर २००३, ब्रह्मपुरी
आजपासून रोज लिहायचं. समाजाच्या परिचय मेळाव्याची पुस्तिका माझ्या जावा प्रोग्राममधून निघणार. चारशे बारा उपवर. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं तोडलेली साधी फाईल, फाईलीतून माझे ऑब्जेक्ट, एकेका उपवराचा एक. स्वतःचंही नाव टाकलं: श्रीहरी, वय ३६, शेती ०. औंदा लग्न जमलंच पाहिजे. नाही तं पुढच्या वर्षी मले विधुरांच्या पानावर टाकतील.

४ डिसेंबर
टाइपिंगवाली सत्यशीला विचारते, कॉलम नंबरानं काऊन वाचता, हेडिंगच्या नावानं काऊन नाई? म्हटलं, पयला नाव, दुसरा वय, तिसरा शेती एकरात, चौथा उंची. कॉलमाले काय पाय फुटतात? पोरगी फार विचारते. मन दिसते माझ्यावर. मले वेळ नाई.

९ डिसेंबर
किळस आली लोकायची. वय लिहा म्हटलं तं 'लग्नाचं' लिहून पाठवतात. आकडा नसला की प्रोग्राम आपटते. सगळेच कॉलम स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, करून टाकले. आता काहीही गिळते.

१५ डिसेंबर
अध्यक्ष लटारूभाऊ आले. म्हणे, मामेकूळ, आईच्या माहेरचं आडनाव, नाई तं पुस्तिका हातात कोण धरते? सत्यशीलानं नावाच्या बाजूलेच मामेकुळाचा कॉलम घातला. म्हणे, तुमचे नंबर बदला. हो म्हटलं. चालवून पाह्यलं, एकही एरर नाई. मंग कायले बदलाचं? छापायले धाडलं.

२१ डिसेंबर, दुपार
मेळावा. तीन मुलींचे बाप माझ्याभोवती! कोरपन्याचे भैयाजी तं हातच सोडत नाई. पर्सनॅलिटी लागते.

संध्याकाळ
शी! भैयाजी विचारतात, छत्तीस एकर कोणत्या शिवारात? पुस्तिका उघडली. वय: बोरकर, म्हणजे माझं मामेकूळ. शेती: ३६. उंची: ०. सगळ्यायचंच तसं. एकसष्ट वर्षांचा वारलू मेळाव्यातला सर्वात मोठा जमीनदार, त्याच्यापुढे रांग! या समाजाचा वीट आला. माणूस कोणी पाहातच नाई.

२४ डिसेंबर
सत्यशीलानं सगळे कॉलम हेडिंगच्या नावानं जोडून दिले. वीस मिनिटं. नवी पुस्तिका घरोघरी गेली. काम गबाळं आहे, पण चालते.

२८ डिसेंबर
भैयाजी परत आले! एकाले तरी माणसाची किंमत कळली. केस विंचरले, चहा सांगितला. ते म्हणे, दुरुस्ती करणारी पोरगी पाहाची आहे, आमच्या पोरासाठी. ती जेवायले गेली होती. मंग मलेच विचारलं, वागायले कशी आहे?
चांगली आहे म्हटलं. लय चांगली आहे.