उभ्या नवरात्रातला खो-खो

मुठा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय गोजराआत्या हिस, वैभवीचा वाकून नमस्कार. तुझी पाठ, मामांचा खोकला आणि तुमच्या शेळ्या, सगळं बरं असेल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. हे पत्र मी बसून लिहिते आहे, हे आधी सांगते, कारण गेले नऊ दिवस ते सुख नव्हतं. फोन का केला नाहीस म्हणशील, तर आपल्या घरात एकानं फोन लावला की चौघं बोलतात, आणि हे चौघांत बोलण्यासारखं नाही.

बिरोबाचं उभं नवरात्र घरात आजा धरतो, हे तुला ठाऊकच आहे. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बसायचं नाही. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आजाचा लेक म्हणून आधी बापूला विचारलं तर म्हणाला, "मी हिंजवडीला गेटवर बारा तास उभाच असतोय, देवानं त्येच धरावं." (गेटवर खुर्ची आहे. मी पाहिली आहे.) मग आमच्या दादाला, हृतिकला, विचारायच्या आत तो झोपला. आजा नुसता भिंतीकडं बघत राहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी धरते." आजानं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि असं काही बघितलं माझ्याकडं, की शब्द परत घेता येईना.

शाळेत मी शेवटच्या बाकामागं उभी. तिसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं, हिनं काय केलंय? बाई म्हणाल्या, काही नाही. मग शिक्षा कशाची, म्हणाले. (बाईंना खुलासा लिहून द्यावा लागला.) डबा उभ्यानं, गणित उभ्यानं, तेही निभलं असतं, पण सातव्या माळेला पौडला तालुक्याची खो-खो स्पर्धा होती आणि मी संघात. आत्या, खो-खोत पाठलाग नऊजणींनी करायचा, त्यातल्या आठजणी पाटीवर बसलेल्या. खेळच मुळी बसायचा आहे. हे मला भंडारा लावून घेताना सुचलं नाही.

सहाव्या माळेला खेळाचे निरंजन सर आमची कप्तान दिशा हिला घेऊन घरी आले. सरांचं म्हणणं, पाटीवर उकिडवं बसतात, बूड कुठं टेकतं? आजा म्हणाला, "उकिडवं बी बसणंच." तेव्हा दिशानं विचारलं, "मग आजोबा, ही सकाळी शौचाला उभ्यानं जाते का?" (आईनं चहाचे कप उगाचच परत आत नेले.) आजानं बराच विचार केला. "त्ये गरजंचं हाय," म्हणाला. दिशा म्हणाली, "आम्हालाही हिची गरजच आहे." इथं आजा हरला. मला जवळ बोलावून म्हणाला, "पोरी, खेळापुरती बस. देवाशी मी बोलतो." सरांनी सुस्कारा टाकला. आणि मी म्हणाले, न्हाई. कळपातलं एखादं मेंढरू बोलायला लागावं तसे सगळे माझ्याकडं बघत राहिले.

पौडला पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं. न बसणाऱ्या मुलीबद्दल त्यात काही नव्हतं. शेवटी ठरलं की पाठलागाला आमच्या आठच जणी, माझी पाटी रिकामी. पळायला मात्र मी. त्या रिकाम्या पाटीतून समोरच्या मुली घरच्या दारातून ये-जा करावी तशा जात-येत होत्या, आणि मी मैदानाबाहेर उभी राहून बघत होते. पळायची पाळी आली तेव्हा पाय सुजून खांब झालेले. बावीस सेकंदांत बाद. दुसऱ्या डावात कसं कोण जाणे, शेवटी एकटी उरले आणि साडेतीन मिनिटं कुणाच्या हाताला लागले नाही. तरी एका गुणानं हरलो. तो एक गुण कुठून गेला, हे सगळ्यांनी बघितलं होतं. परतीच्या एसटीत जागा रिकामी असून दिशा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. निम्म्या वाटेत तिनं विचारलं, "लई दुखतंय का?" मी व्हय म्हणाले. "दुखू दे," म्हणाली, आणि मुठ्यापर्यंत तशीच उभी राहिली.

काल आजानं मला पाटावर बसवून आईला ओवाळायला लावलं आणि येईल त्याला माझी गोष्ट सांगितली. मामांना नमस्कार सांग.

तुझी,
वैभवी

ता. क. हे पत्र मामांना वाचून दाखवू नकोस. नमस्कार तोंडीच सांग.

आणखी ता. क. खरं लिहायचं राहिलंच. पाचव्या दिवशी पौडहून सराव करून एकटी येत होते. एसटीत मागची सीट रिकामी होती. कधी बसले ते कळलं नाही. जाग आली तेव्हा गाव आलं होतं आणि बाहेर चांगलं ऊन होतं. ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून सातव्या माळेला बसवेना, आजानं मोकळीक दिली तरी. एकदा चोरून बसल्यावर दुसऱ्यांदा परवानगीनं कशी बसू? आता आजा सगळ्यांना सांगतोय, "गोजरानं धरलं व्हतं तसं हिनं धरलं, एकदा बी टेकली न्हाई." दिशाला सांगू की नको, ते लिही. आणि आत्या, तू धरलं होतंस तेव्हा कुठं तरी, घटकाभर का होईना, बसली होतीस का? बसली असशील तर तेवढंच लिहून पाठव. नसशील बसली, तरी बसले होते असंच लिही.