लिपस्टिक बारावीनंतर

धंतोली, नागपूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मोनाली हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे मजेत असाल. दुर्गेशरावांचा खोकला आता कमी असेल. इकडे थंडी चांगलीच पडली, बाबांचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. पत्र पाहून तू म्हणशील, हिले आता काय सुचलं? तर काय करू वं, माझा नंबर तू दीड वर्षापासून ब्लॉक करून ठेवला. काल दुर्गेशरावांले दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा "सगळे बरे ना?" एवढंच विचारलं अन् ठेवून दिला. पुढचं तोंडातून निघालंच नाही. आमच्या शेजारचे रुपरावभाऊ आज दुपारी तुमच्या कामठीले जाऊन राहिले, म्हणून हे त्यांच्या हाती पाठवते.

बाकी ठीक लिहिलं, ते खोटं आहे. मी हे दवाखान्यात बसून लिहून राहिली. माझी चिनू नऊ दिवसांपासून भरती आहे. किडनीचं निघालं.

पहिले डोळ्यांखाली सूज आली. मले वाटलं, मोबाइलचं जागरण. मग पाय सुजले, तर म्हटलं दिवाळीचं तेलकट भोवलं, अन् तिले चार दिवस मुगाच्या खिचडीवर ठेवलं. शेवटी चप्पल पायात जाईना तेव्हा इथं आणलं. लघवीतून अंगातलं प्रोटीन वाहून जाऊन राहिलं म्हणतात. चौदा वर्षांची पोर आहे मोने ती.

डॉक्टर पोरगेलाच आहे, पण चांगला. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, चेहऱ्याले काही लावते का? मी किती ठसक्यात सांगितलं माहीत आहे?

"नाही हो डॉक्टर. आमच्या घरी मेकअपची परवानगीच नाही. लिपस्टिक बारावीनंतर."

चिनू माझ्याकडे पाहून राहिली. डॉक्टरनं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मले खोलीबाहेर काढलं अन् चिनूले एकटीले विचारलं. तेव्हा ती बोलली की आई रोज झोपताना एक क्रीम लावून देते.

मी आत येऊन तिच्यावर चिडली, वेड्यासारखी. पाच दिवस झाले, आधी काहून नाही सांगितलं? तर म्हणते कशी, "तूच म्हणाली होती ना, ते मेकअप नाही."

पोरीनं माझं ऐकलं, तेवढाच तिचा गुन्हा.

ह्यांनी घरून डबी आणली. आमच्या भिशीतल्या एकीकडून मी घेत होती. पांढरी डबी, तिच्यावर ना नाव ना गाव. तपासली तर आत पारा निघाला. चामडीतून रक्तात जाते अन् रक्तातून किडनीत, असं डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. ह्यांनी ते चित्र घडी करून खिशात ठेवलं.

माझे नियम तुले माहीत आहेत, तूच तर त्यांच्यावर हसायची. काजळ सणावारी, नेलपेंट दहावीनंतर, लिपस्टिक बारावीनंतर. वय ठरवाले मी मोठी शहाणी. पण गोरं व्हायचं वय मी तेरा ठरवलं, अन् ते कोणाले विचारलं नाही. त्यात काही ठरवा लागते असं मले वाटलंच नाही. डोक्याले तेल लावून देते तसं क्रीम लावून देत होती. तुले पहिल्याच पाहण्यात होकार आला. मले पाहाले आलेले चार जण पोहे खाऊन गेले ते गेलेच, अन् चौघांचाही निरोप एकच, मुलगी चांगली आहे पण रंग जरा. त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. चिनू माझ्यावर गेली. मले वाटलं, हिच्या वाट्याले तरी ते पोहे येऊ नये.

दीड वर्षापूर्वी आपल्या सौरवच्या लग्नात तुझी गुंजन बारा वर्षांची होती. ओठांवर हलकी गुलाबी लिपस्टिक, तीही तूच लावून दिलेली. मी सगळ्या बायांसमोर पदरानं तिचे ओठ पुसले अन् तुले जे बोलली ते बोलली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुमचं जेवणही झालं नाही त्या दिवशी.

आता ज्याच्यासाठी बसली ते लिहिते. पहिल्याच ओळीत लिहाचं होतं, पण हात होत नव्हता. त्या दिवशी तू रागात दुर्गेशरावांले "गाडी काढा" असं सांगाले गेली, तेव्हा गुंजन खुर्च्यांच्या मागं उभी राहून रडत होती. मले फार वाईट वाटलं. तिले उगी कराले मी पर्समधली नवी डबी तिच्या हातात दिली. म्हटलं, "हे लाव बाळा, हे चांगलं असते. पण आईले सांगू नको."

एका डबीनं काय होते, अशी चार दिवस मी स्वतःची समजूत घालून राहिली. काल चिनूनं सगळं सांगितलं. आपण दोघी बोलत नाही, पण पोरी बाबांच्या घरी भेटतात. गुंजन तिले डबी मागते अन् चिनू माझ्या कपाटातून काढून देते. दीड वर्षापासून हे चालू आहे. शेवटची भाऊबीजेले दिली, म्हणजे ती अजून संपली नसेल. गुंजनजवळ फोन नाही, नाही तर चिनूनंच तिले थांबवलं असतं.

मोने, हे वाचून होताच तिचं दप्तर पाहा. आतल्या चेनच्या कप्प्यात मोज्यात गुंडाळून ठेवते म्हणे. तिले मारू नको. डबी फेकू नको, सोबत आण. लघवीची तपासणी आजच कर, उद्यावर टाकू नको. सूज दिसत नसली तरी कर. सकाळी डोळे जड दिसत असतील, लघवीले फेस येत असेल, तर सरळ इथंच घेऊन ये, दवाखान्याचा पत्ता रुपरावभाऊ सांगतील. क्रीम बंद केल्यावर पुष्कळ जणींचं सुधारते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. चिनूचं सुधारेल का, हे मी तीनदा विचारलं. तीनदा त्या "पाहू" म्हणाल्या. गुंजनचं लवकर कळलं तर तुले "पाहू" ऐका लागणार नाही, एवढीच आशा आहे.

तू आली तर मी खाली फाटकाजवळ जाऊन बसीन, तुले माझं तोंड पाहा लागणार नाही. माफ कर म्हणाची हिंमत नाही. तपासणी चांगली आली तर ह्यांच्या फोनवर एक शब्द टाक. वाईट आली तर माझा नंबर उघड अन् जे बोलाचं ते मलेच बोल. मी सगळं ऐकून घेईन, मधात बोलणार नाही.

गुंजनच्या हातात तुझ्या चोरून डबी देणारी,
तुझी मोठी बहीण
कामिनी