इनिडच्या पायाखालचं गवत

डबो,
४ सप्टेंबर १९९५

चि. मर्लीस, क्लॅरीदादाचा आशीर्वाद, वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. लोकरीचे मोजे इनिडला दिले. तिने ते हातात घातले. हात गरम राहिले की झालं.

वसंत लागला, थंडी आता गेली म्हणायला हरकत नाही. सकाळी अंगणात पांढरं हिम दिसत नाही, आणि हिरवळ बुडाशी हिरवी व्हायला लागली आहे. गवत कापायच्या यंत्राचं पातं काढून धार लावली, चाकं वरच्या खाचेत बसवली आणि पहिल्या खेपेला नुसते शेंडे उडवले. तू हसशील, पण जन्मभर दुकानात लोकांचे केस कापले, तेव्हा एका बैठकीत किती कापावं एवढं मला कळतं. तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेतलं की गवताचीही टाळू दिसते आणि मग ऊन तिथेच जाऊन बसतं.

मागच्या पत्रात एक लिहायचं टाळलं होतं. वृद्धनिवासात इनिड आता मला ओळखत नाही. मला तिथला नोकर समजते, चादर बदलायला सांगते. मी बदलतो. पण रविवारी घरी आणली की फाटकाशीच चपला काढते आणि हिरवळीवर उतरते. हे गवत तिचंच. लग्नानंतर तिने माहेरून ओल्या गोणपाटात धुमारे बांधून आणले आणि ओणवी होऊन एकेक लावला. ते जुनं, रुंद पात्याचं, पायाला खाजवणारं बफेलो गवत. त्यावर थोडं चालली की चेहरा बदलतो तिचा. काल पायरीपर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "क्लॅरी, कडा कापायच्या राहिल्यात."

कडा मी शनिवारीच कापल्या होत्या. तरी पुन्हा कापल्या. मर्ल, आठवड्यातून तेवढा वेळ मला बायको असते. बाकीचा आठवडा मी त्यासाठी यंत्र ढकलतो.

गुडघ्याला जपून अस. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा दादा,
क्लॅरी

*

लॉन्सेस्टन,
१५ सप्टेंबर १९९५

ती. क्लॅरीदादास, मर्लचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, मोज्यांवरून. दुसऱ्यांदा रडले. आता बरी आहे.

माझ्या अंगणाचं विचारू नकोस. इकडे पाऊस थांबत नाही आणि गवताच्या जागी शेवाळ माजलंय. रॉन गेला आणि मी एकटी झाले; नवरा होता तेव्हा तो दर शरदात जमीन मोठ्या लोखंडी काट्याने टोचायचा, मुळांना हवा लागावी म्हणून. मी एकदा टोचायला गेले तर काटा बुटात घुसला. तेव्हापासून शेवाळाशी मी तह केलाय. हिरवं आहे, कापावं लागत नाही, आणखी काय हवं माणसाला?

रागावू नकोस, पण तू सगळा भार त्या गवतावर टाकतोयस असं मला वाटतं. वहिनी ओळखते ती तुला ओळखते, गवत निमित्त. निमित्त उद्या बदलेल. डॉक्टर काय म्हणतात ते तू कधीच लिहीत नाहीस, नुसतं पात्याला धार लावली म्हणून लिहितोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आई गेली त्या दिवशीही तू कुंपण रंगवत होतास.

ख्रिसमसनंतर येईन म्हणते. वहिनीला माझी आठवण सांग, तिला मी कोण ते कळो न कळो. लोभ वाढता ठेव, गवतापेक्षा थोडा जास्त.

तुझी,
मर्ल

*

डबो,
२३ ऑक्टोबर १९९५

चि. मर्लीस, आशीर्वाद, वि. वि.

आई गेली त्या दिवशी कुंपण रंगवत होतो, ती माझीही आई होती म्हणूनच. असो.

काल वाईट झालं. इनिड चपला काढून उतरली आणि दुसऱ्याच पावलाला किंचाळली. बिंडीचं तण. हिवाळ्यात गाजराच्या पाल्यासारखी नाजूक पानं दिसतात आणि वसंतात बुडाशी सुईसारखे काटे धरतात, ते. मी धावलो तर मला ढकललं. गाडीत जाऊन बसली, दार आतून लावून घेतलं. दुपारभर मी बाहेर उभा आणि ती काचेतून माझ्याकडे बघत होती, रस्त्यावरच्या माणसाकडे बघावं तशी. एकदाही नाव घेतलं नाही.

चूक माझी. बिंडी हिवाळ्यात मारायची असते, काटे धरायच्या आधी. दरवर्षी न चुकता मारतो. यंदा हिवाळ्यात तिला वृद्धनिवासात ठेवायच्या धावपळीत अंगणाकडे बघितलंच नाही. आता फवारून आहेत ते काटे गळणार नाहीत हे मला कळतं, पण नवे तरी धरणार नाहीत. शेजारच्या कॉस्टाने त्याच्याकडचा तणनाशकाचा अर्धा डबा दिला. त्याचं अंगण बघशील तर थक्क होशील, हरळी नुसती गालिचासारखी, एक बिंडी औषधाला सापडणार नाही. डब्यावरचा कागद भिजून निघून गेलाय, पण प्रमाण कॉस्टाला पाठ आहे. शनिवारी वारा पडलेला असेल असं रेडिओवर सांगितलं. शनिवारीच उरकतो.

पुढच्या रविवारी तिला आणणार नाही, औषध पायाला लागायला नको. त्यापुढच्या रविवारी बघू. तू काळजी करू नकोस, म्हणजे करशीलच. माया आहेच, ती मागून घेत नाही.

तुझा दादा,
क्लॅरी

*

लॉन्सेस्टन,
२७ ऑक्टोबर १९९५

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र आत्ता हातात पडलं. दोनदा फोन केला, तू उचलत नाहीस. कानातलं यंत्र काढून बाहेर हिंडत असणार.

दादा, फवारू नकोस. आमच्या इथल्या रोपवाटिकेतल्या बाईला मुद्दाम विचारून आले. हरळीवर चालणारं औषध बफेलोला चालेलच असं नाही, काही औषधं बिंडीबरोबर बफेलोही मारतात, असं ती म्हणाली. बफेलोचं वेगळं मिळतं. कागद नसलेला डबा वापरायचाच नाही म्हणाली.

उद्या शनिवार आहे आणि हे पत्र आज टपालात पडून काही उपयोग नाही हे मलाही कळतं. संध्याकाळी पुन्हा फोन करते. लोभ राहू दे आणि एकदा तरी फोन उचल.

तुझी,
मर्ल

*

डबो,
२० नोव्हेंबर १९९५

चि. मर्लीस, आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र फवारून झाल्यावरच्या मंगळवारी आलं. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही.

आधी वाटलं, ऊन जास्त झालं असेल. पाणी वाढवलं. मग पात्यांचे शेंडे वळले आणि धुमारे तपकिरी पडले. ओढून बघितला तर मुळासकट हातात आला. कुठे एखादा तुकडा राहिला असता तरी मी त्यातून पुन्हा पसरवलं असतं, दोन उन्हाळे लागले असते पण पसरवलं असतं. राहिला नाही. मी नीटनेटका माणूस, फवारताना एक कोपरा सोडला नाही. कपडे वाळत घालायच्या फिरत्या दांड्याखाली गुडघे टेकून फवारलं होतं.

इनिडच्या माहेरी जाऊन आलो, धुमारे मिळतात का बघायला. तिथे आता पेट्रोल पंप आहे.

कॉस्टा आला. कुंपणापाशी उभं राहून अंगण बघितलं. मग घरी जाऊन फावडं घेऊन आला. आम्ही दोघांनी मेलेलं सगळं खरवडून काढलं. त्याच्यावर मी चिडलो नाही. चिडायला हवं होतं असं त्याला वाटत होतं, त्याला तेवढंच बरं वाटलं असतं.

इनिडला चार रविवार आणलेली नाही. वृद्धनिवासातली मेट्रन म्हणते, ती विचारतही नाही. अंगणात नुसती लाल माती आहे, त्यावर तिला उतरवू कशी? मी तिच्या खोलीत जातो. काल पाणी मागितलं, दिलं, तर आभार मानले तिने. मर्ल, तिने माझे कधी आभार मानले नव्हते गं.

तुझा,
क्लॅरी

*

लॉन्सेस्टन,
२८ नोव्हेंबर १९९५

ती. दादास, सा. न. वि. वि.

काय लिहू ते सुचत नाही म्हणून सरळ लिहिते. मला फार वाईट वाटतंय, आणि तू इतक्या लांब एकटा आहेस याचा राग येतोय.

तयार गवताचे गुंडाळे मिळतात, ते आणून अंथर. बफेलोच माग. ऊन कडक व्हायच्या आत अंथर, खाली माती भुसभुशीत कर, सांधे घट्ट बसव, आणि मुळं धरेपर्यंत सकाळी पाणी दे. बघ, मी सगळं वाचून काढलंय. शेवाळवाली बाई तुला शिकवतेय, हस की थोडं.

आणि दुसरं, हेही ऐक. गवत मेलं नसतं तरी ती तुला ओळखणार नाही असा एखादा रविवार येणारच होता. हे तुला आवडणार नाही, पण कुणीतरी सांगायला हवं.

गुडघ्याने दगा दिलाय, ख्रिसमसनंतर यायचं जमेलसं दिसत नाही. डॉक्टर हलू देत नाहीत. मनाने तिथेच आहे. लोभ आहे तो ठेव, आणि जेवत जा.

तुझी,
मर्ल

*

डबो,
१२ फेब्रुवारी १९९६

चि. मर्लीस, आशीर्वाद, वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं व्हावं म्हणून थांबलो होतो.

गुंडाळे आणले. जुन्या जातीचं आता कुणी लावत नाही, बफेलोतलीच मऊ पात्याची नवी जात मिळाली. कॉस्टाने आणि मी डिसेंबरात अंथरलं. जानेवारीभर पहाटे उठून पाणी दिलं, ओढून बघितलं तर उचललं गेलं नाही तेव्हा पहिल्यांदा कापलं, यंत्र सगळ्यात वर ठेवून. गवत झकास आलंय. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात.

काल इनिडला आणली. फाटकाशी चपला काढल्या तिने. मी फाटक धरून थांबलो. हिरवळीवर उतरली, उभी राहिली, पाय जरा दाबून बघितला. मग अगदी अदबीने मला म्हणाली, किती मऊ आहे हो तुमचं गवत. थोडी हिंडली. खुर्चीवर बसून चहा घेतला, बिस्किट घेतलं. मग उठली आणि म्हणाली, आता निघायला हवं, नवरा वाट बघत असेल, मला घरी सोडाल का?

घर कुठे म्हणून विचारलं. तिने आमचाच पत्ता सांगितला. घरनंबरासकट, न अडखळता.

मी काय केलं सांगू? तिला गाडीत बसवली, नदीकडून वळसा घातला, माझ्या जुन्या दुकानावरून नेली आणि परत याच फाटकाशी आणून गाडी थांबवली. आलं घर, म्हणालो. तिने काचेतून बघितलं, बराच वेळ बघितलं. नाही, म्हणाली, हे त्या मऊ गवतवाल्यांचं घर. मग मी तिला वृद्धनिवासात सोडली.

मेट्रन म्हणते, बाहेर नेल्याने ती बेचैन होते, आता रविवार बंद करू. मी बरं म्हणालो. तू लिहिलं होतंस ना, असा रविवार येणारच होता. खरं असेल ते. पण तो मी आणला.

वृद्धनिवासाच्या दाराशी तिला चपला घालून दिल्या तेव्हा तिने माझा हात धरला. मी थांबलो. म्हणाली, "तुमच्याच बाजूला राहतो माझा नवरा. भेटला तर सांगा, मी येऊन गेले."

सांगतो, म्हणालो.

तुझ्या गुडघ्याला आराम पडो. माझ्यावर माया कर, मर्ल, आता तुझीच उरली आहे.

तुझा दादा,
क्लॅरी