दोष अपडेटचा

७ एप्रिल, सोमवार

काल फोनने 'नवीन अपडेट आलं आहे' म्हणून दिवसभर पिच्छा पुरवला, म्हणून केलं. आज सकाळपासून 'चि. सौ. कां. रेणुका विवाह नियोजन समिती' हा ग्रुप ठार गप्प. एक मेसेज नाही. परवापरवापर्यंत तिथे दिवसभर नुसता गलबला असायचा. निम्मे मेसेज माझेच, म्हणजे कामाचे.

रेणुका माझ्या धाकट्या भावाची, आदिनाथची, मुलगी. लग्न २ मेला, पेडगावात. सोयरे जिंतूरचे. ग्रुप मी काढला, ॲडमिन मी, दोन्हीकडची माणसं मी घातली. जन्मभर शाळेत हेडक्लार्क होतो. नियोजन मला कुणी शिकवू नये.

शनिवार हा शेवटचा चांगला दिवस. नवरदेवाचे वडील सूर्यभानराव यांनी ग्रुपवर रामनवमीच्या आगाऊ शुभेच्छा टाकल्या. चार ओळींत पाच चुका. मी पाचही दुरुस्त करून परत टाकल्या आणि खाली विनोदाने लिहिलं, 'आमची मुलगी शिकलेली आहे. सासरी निदान शुद्धलेखन तरी मिळावं.' पुढे हसरा चेहरा. लोकांना फार आवडलं असणार. पण मध्येच हे अपडेट कडमडलं आणि सगळ्यांची उत्तरं अडकून पडली.

निश्चय: यापुढे अपडेट करायचं नाही. कधीच नाही.

९ एप्रिल, बुधवार

सिद्धोधनच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. तो कुणाच्यातरी फोनला काच चिकटवत होता. सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "हौ काका, ह्या बारीचं अपडेटच लय बेकार हाय. पुढच्यात होतंय दुरुस्त." फोन बंद करून चालू केला, चहा पाजला. माणूस हुशार आहे.

म्हणजे पुढचं अपडेट करावं लागणार. निश्चयात दुरुस्ती: बिघडवणारं अपडेट करायचं नाही, सुधारणारं करायचं. ते करण्याआधी ओळखायचं कसं, हे विचारायचं राहिलं.

फोन तापतोय. वरच्या खिशात ठेवला की छाती भाजते. मंजुषा म्हणाली, एप्रिलात परभणीत काय तापत न्हाई? बायकोला तंत्रज्ञानातलं कळत नाही, यात तिचा दोष नाही.

११ एप्रिल, शुक्रवार, दुपारी

महत्त्वाचा शोध.

मंजुषाचा फोन जुनाट. कोपऱ्यात काच तडकलेली, घेतल्यापासून एकही अपडेट नाही. आणि तो सकाळपासून टिंग टिंग वाजतोय! एक हात पिठात, दुसऱ्या हाताने वाचते आणि एकटीच हसते. माझा नवाकोरा फोन मेल्यासारखा पडलाय. कुणाचे मेसेज म्हणून विचारलं. महिला मंडळाचे, म्हणाली, आणि फोन तिखटाच्या डब्यावर पालथा ठेवला.

निष्कर्ष: अपडेट न केलेला फोन उत्तम चालतो. कंपन्या चालते फोन मुद्दाम बिघडवतात. कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली. मंजुषाच्या फोनचा दाखलाही दिला.

१३ एप्रिल, रविवार

संताप. नुसता संताप.

लग्न मे महिन्यातलं, रानातल्या मंडपात. त्याचं तोंड कुठे असावं, पंखे किती, पाण्याचे जार सावलीत कसे ठेवावे, मामा लोकांच्या पंगती आधी का नंतर, यावर नऊ व्हॉइस मेसेज करायला बसलो. सातव्याला ॲप बंद पडलं. 'क्षमस्व, ॲप थांबले आहे.' तो मेसेज अकरा मिनिटांचा होता! परत पहिल्यापासून बोललो. परत बंद. तिसऱ्यांदा बोललो तेव्हा मांडणीत जरा शिव्या आल्या, पण मुद्दे तेच होते.

ॲपला एक तारा दिला. शून्य देण्याची सोय ठेवलेली नाही, यावरूनच त्यांची नियत कळते. लगेच उत्तर आलं: 'प्रिय माणिकराव, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' खोटारडे! रेडीमेड उत्तर!

तरी आठवडाभरात मला कुणी उत्तर दिलं असेल तर ते यांनीच. त्यांना परत लिहिलं.

१६ एप्रिल, बुधवार

नवीन अपडेट आलं. खाली लिहिलंय, 'बग आणि क्रॅश दुरुस्त केले. कामगिरीत सुधारणा.' कुठला बग? कुणाचा क्रॅश? तपशील शून्य. शाळेत मी असा शेरा मारला असता तर तपासणीला आलेल्या साहेबांनी उभा सोलला असता.

पण सिद्धोधन म्हणाला होता, म्हणून केलं.

परिणाम: व्हॉइस मेसेज जाताना ॲप बंद पडत नाही. नऊच्या नऊ गेले. सगळ्यांना पोचले, दोन-दोन निळ्या टिकल्या. कीबोर्डवरचा 'ण' मात्र कुठे गेला ते सापडत नाही. आणि ग्रुप तसाच गप्प.

आता बगाचं स्वरूप लक्षात आलं. तो एकतर्फी आहे. माझ्याकडून जातं, माझ्याकडे येत नाही.

खात्रीसाठी आदिनाथला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, नांगरट चालू हाय, ट्रॅक्टरचा लय आवाज हाय, मंग करतो." मला ट्रॅक्टरचा आवाज अजिबात आला नाही. म्हणजे नव्या अपडेटने आजूबाजूचा आवाजही कापायला सुरुवात केली आहे. कुणी सांगितलं होतं?

त्याने नंतर फोन केला नाही. केला असेल, आला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

निश्चय केला की बिघाड दुसऱ्या टोकाने पकडायचा. आदिनाथचा फोन मी स्वतः अपडेट करून द्यायचा. न सांगता पेडगावला निघालो, कारण सांगावं तर फोन चालत नाही. मंजुषाला मंडळाचा कार्यक्रम होता. ठेवणीतली साडी नेसून सकाळीच गेली.

पेडगावला आदिनाथच्या दाराला कुलूप. शेजारचे आबासाहेब ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. "तुमी इथं कसे?" म्हणाले. "सगळे बस्त्याला गेलेत की तुमच्याकडंच, परभणीला. जिंतूरचे पाव्हणेबी येणार हायत." मग जीभ चावून म्हणाले, "तुमाला मेसेज न्हाई आला?"

बस्ता! नवरीच्या थोरल्या चुलत्याशिवाय लग्नाचे कपडे खरेदी! माझ्याच गावात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर! आणि मी पेडगावात कुलूप बघत उभा! हे फक्त एका अपडेटमुळे. आबासाहेबांना मी एकतर्फी बग म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. ते मान हलवत राहिले. पाणी पाजलं आणि एसटीपर्यंत सोडायला आले. रस्ताभर माझ्याकडे बघत होते.

येताना एसटीत फोन इतका तापला की आपोआप बंद झाला. खिडकीतून फेकणार होतो. शेजारच्या बाईने हात धरला.

संध्याकाळी मंजुषा आली, दोन्ही हातांत पिशव्या. मी विचारण्याआधीच म्हणाली, "मंडळाचं लवकर उरकलं, तिथून तशीच बस्त्याला गेले. मी तर टाकलं होतं ग्रुपवर. तुमच्या फोनाला आलं न्हाई का?"

मी टेबलावर हात आपटला. हाच पुरावा हवा होता! मेसेज टाकला आहे, पोचला नाही, साक्षीदार घरातच आहे! तासभर मी कंपनीचा उद्धार केला. तिने जेवायला वाढलं. मला शर्टाचं कापड आणलंय, फिकट निळं. रंग बरा आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

कंपनीला शेवटचा इशारा पाठवला. सबब, पेडगाव, बस्ता, साक्षीदार सौ. मंजुषा, सगळं मुद्देसूद. ग्राहक मंचाचाही उल्लेख केला. उत्तर आलं: 'कृपया आपले ॲप अपडेट असल्याची खात्री करा.'

आता दयामाया नाही. फोन मुळापासून पुसायचा, दुकानातून आणला तसा करायचा. सिद्धोधन म्हणाला, "काका, सगळं उडतंय बरं का. नंबर, फोटो, सगळं." म्हटलं, उडू दे. बगसुद्धा उडेल. तो म्हणाला, "मंग तुमचं तुमी घरी करा. मी हात लावत न्हाई."

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी फोन पुसला. काम यशस्वी. एकही नंबर शिल्लक नाही. सख्ख्या भावाचा नंबर पाठ नाही, हे आज कळलं.

मंजुषा भाजी आणायला गेली होती, फोन चार्जिंगला. म्हटलं तिच्या फोनमधून नंबर उतरवून घ्यावेत. उघडला.

वरच एक ग्रुप. नाव 'रेणुकाचं लग्न, खरा ग्रुप'.

ग्रुप ५ तारखेचा आहे. शनिवार संध्याकाळ. अपडेट मी रविवारी केलं.

वाचत गेलो. पहिलाच मेसेज आदिनाथचा. 'सूर्यभानरावांचा फोन आला होता. म्हणले, असं आणखी एकदा झालं तर सोयरीक मोडतो. म्या पाय धरले त्यांचे. दादा ऐकणार न्हाई. त्याला हितं घालू नका, हात जोडतो.' खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मग पत्रिकांचं, आचाऱ्याचं, बांगड्यांचं. मंडपाचं तोंड पूर्वेला, मी सांगितलं होतं तसंच. पण ते सुचवलंय आचाऱ्याने.

बस्त्याच्या आदल्या दिवशी रेणुका विचारते, 'काकांना कळलं तर? घालू का त्यांना? मला कसंतरी व्हायलंय.'

त्याखाली मंजुषा. 'तू फिकीर करू नको बाळा. त्यांचं अपडेट चालू हाय.'

त्यावर सतरा जण हसले आहेत. आबासाहेबसुद्धा.

मंजुषा आली तेव्हा फोन माझ्या हातातच होता. ती भाजीची पिशवी धरून दारातच उभी राहिली. मी ओरडणार होतो. तयारी पूर्ण होती. आवाज निघाला तो एवढाच: "आबासाहेबसुद्धा?"

ती म्हणाली, "पोरीचं लग्न मोडायला आलं होतं हो. तीन दिवस जेवली न्हाई ती."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमाला सांगून ऐकलंय का कधी कुणाचं? तुमी एकटे बोलता, आमी ऐकतो." मग पिशवी खाली ठेवून, "घालू का तुमाला ग्रुपात? मी सांगते आदिनाथ भावजींना."

"नको," म्हणालो.

तिने शेपू निवडायला घेतला. मीही समोर बसून दोन-चार काड्या निवडल्या. ती म्हणाली, पानं ठेवा, देठ तिकडं टाका. मी उलटं करत होतो.

२७ एप्रिल, रविवार

नवीन अपडेट आलंय. 'महत्त्वाच्या समस्या सोडवल्या.' केलं नाही. न करण्याला काही कारण नाही. फोन उत्तम चालतोय.

राग आहे. कुणावर काढायचा ते ठरत नाही. सिद्धोधनच्या दुकानावरून गेलो, त्याने हाक मारली, थांबलो नाही. त्याच्यावर काढावा असं वाटलं होतं, पण चहा त्याचा प्यालोय.

मंजुषाकडून नंबर घेऊन आदिनाथला पाठवायला एक मेसेज लिहिला. मोठा झाला. कमी केला. आणखी कमी केला. शेवटी 'येतो' एवढंच राहिलं. त्याचं लगेच उत्तर आलं, 'ये दादा.'

२ मे, शुक्रवार

लग्न लागलं. नवरदेव बरा आहे, उंच आहे. रेणुका पाया पडली तेव्हा रडली, मला वाटतं सगळ्यांच्याच पाया पडताना रडत होती. सूर्यभानरावांनी गळाभेट घेतली, लगेच पुढच्याकडे वळले. मी कुणालाही काही सुचवलं नाही. पंखे कमी होते.

उकाड्यामुळे फेटा काढून मंजुषाच्या पिशवीत दिला आणि पंगतीत बसलो. शेजारी नवरदेवाचा मामा, पालमचा. बोलका माणूस. पाऊसपाणी झालं, सोयाबीनचं झालं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "पाव्हणं, ते नवरीचे चुलते कोणते हो? ते लय मेसेज टाकणारे? एकदा बघायचे होते."

मी मंडपात इकडे तिकडे पाहिलं.

"नाही आले ते," म्हणालो. "तब्येत बरी नाही त्यांची."

"बरं झालं," मामा म्हणाला, आणि जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली. "अरे ए, ह्या पाव्हण्यांना वाढ की. भला माणूस हाय, एक शब्द बोलत न्हाई."

दोन घेतल्या.