मोदकपात्रातले जोंधळे

पेठ वडगाव,
१८ नोव्हेंबर १९५५

प्रिय नृसिंह,

तुझं पत्र परवा पोचलं. खुशाली दोन ओळींत आणि बुरशीची चौकशी दीड पानभर, यावरूनच भाऊ शास्त्रज्ञ झाल्याचं कळलं. दिल्लीच्या प्रयोगशाळेतली तुझी बुरशी मेली, इथली थोडी पोस्टानं पाठव म्हणतोस. बाबा रे, इथली जिवंत आहे. तू दाखवलंस तसेच जोंधळे मोदकपात्रात वाफवते, निवले की जुन्या बरणीतले चार दाणे विरजणासारखे त्यांत सोडते आणि नव्या बरणीत भरून तिच्या तोंडाला कापसाचा बोळा लावते. आठवड्यात सगळं हिरवंगार होतं. शेजारची बायडाबाई म्हणते, "बुरा आला की लोक टाकून देत्यात, तुमी जपताय की." गणपतीत मोदक मात्र माईनं तिचंच पात्र मागून आणून केले. आपलं बाटलं म्हणे.

आपल्या पानमळ्यात पावणासुद्धा वहाणा बाहेर काढून, पाय धुऊन शिरतो. तिथं तू वेली वाळवणाऱ्या मर रोगावर उपाय म्हणून बुरलेले जोंधळे वेलींच्या मुळाशी घालायला निघालास, तेव्हा तात्या गरजले होते, "कुजकं घिऊन मळ्यात गेलास तर घरात यायचं न्हाय." रागाचं बोलणं ते. तू खरं धरलंस आणि निघून गेलास. ती बुरशी आपल्याच मळ्यात, मर न लागलेल्या वेलीखालच्या मातीतून काढली होतीस, एवढं सांगायलाही थांबला नाहीस. तुझ्याइतका हट्टी माणूस या घरात आणखी एकच आहे, आणि तो रोज संध्याकाळी एस.टी. यायच्या वेळेला काही काम नसताना स्टँडवर जाऊन बसतो.

मला तुझी फार आठवण येते रे. बरणी उघडायला गेले की तू मागून विचारायचास, अक्का, हात धुतलेस का? तेव्हा चिडायचे. आता कोणी विचारत नाही, तरी धुते, आणि पुष्कळदा तिथंच उभ्या उभ्या रडते. दिवाळीत तुझ्या वाटणीच्या करंज्या माईनं डब्यात वेगळ्या काढल्या होत्या. शेवटी आम्हीच खाल्ल्या.

यंदा मर पुन्हा आलीय. विहिरीकडच्या वेलींनी माना टाकल्या आहेत. चार दिवसांपूर्वी तात्या चुलीपाशी येऊन बसले, बरणीकडं बघत राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ह्ये कसं घालायचं असतंय गं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, ते नृसिंहलाच येतं. खरं तर शेणखतात किती मिसळायचं, ओल किती ठेवायची, सगळं मला पाठ आहे.

आता तुलाही सांगते, पोस्टानं बुरशी पाठवणं मला जमत नाही. हेही खोटंच. तिकडं वेली वाळताहेत आणि मी दोघांना थापा मारतेय, माझं मलाच कळत नाही हे किती दिवस चालवू. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तुझी वाट बघेन. नाही आलास तर मीच घालीन, मळा मरू देणार नाही. पण मग तुला बोलवायचं निमित्त तात्यांजवळ उरणार नाही, आणि यायचं निमित्त तुझ्याजवळही.

तुझीच,
अक्का